पेणकर, रोहेकर आणि नागरिकत्वाचा दाखला

आडनावात गाव बाळगण्याची आपली कोकणातली चाल वाचकांना नवी नाही. पेणचा तो पेणकर, रोह्याचा रोहेकर, रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावर अष्टमी आहे तिथला अष्टमकर, आणि पेण तालुक्यातल्या वाकरुळचा वाकरुळकर. गाव सुटले तरी आडनाव सुटत नाही. पण हीच आडनावे सुमारे चार हजार किलोमीटरांवर, इस्रायलातल्या बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत घरांच्या दारांवर हिब्रू अक्षरांत दिसावीत, ही गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. ही माणसे बेने इस्रायल समाजाची. कोकणी मुलूख त्यांना 'शनवार तेली' म्हणून ओळखत असे, कारण त्यांचा धंदा तेलाचा घाणा आणि त्यांचा बैल शनिवारी जुंपला जात नसे.

या समाजाची मूळकथा आपण ऐकली असेल. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली, आणि त्यांचा वंश कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत पसरला. ते साल कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही आणि आजच्या आपल्या विषयाला त्याची गरजही नाही. आपल्याला पाहायचे आहे ते १९४८ नंतरच्या पंचवीसएक वर्षांचे. या वर्षांत पेण, रोहा, अलिबाग, पनवेल इकडची आणि मुंबईतली हजारो माणसे एका देशाचे नागरिकत्व सोडून दुसऱ्याचे घेण्यास निघाली. इतिहासाच्या पुस्तकांत हे 'स्थलांतर' या एका शब्दात उरकते. पण नोकरी सांभाळून, म्हातारी माणसे सांभाळून, मुलांची परीक्षा सांभाळून हे स्थलांतर कसे पार पडले, तिकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मला वाटते, खरा इतिहास तिथेच आहे.

आधी कायदा पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. इस्रायलच्या संसदेने ५ जुलै १९५० रोजी परतीचा कायदा केला. जगातल्या कोणत्याही ज्यू माणसास इस्रायलात येऊन राहण्याचा हक्क आहे, असे त्यात सांगितले होते. त्यापाठोपाठ नागरिकत्वाचा कायदा आला, तो १४ जुलै १९५२ पासून अमलात आला. परतीच्या कायद्याखाली जो येईल तो आल्या दिवसापासून नागरिक, अशी त्यात तरतूद होती. आपण एखाद्या देशात पाच-सात वर्षे काढावीत, अर्ज करावा, भाषेची परीक्षा द्यावी, साक्षीदार आणावेत, अशी जी आपली नागरिकत्वाबद्दलची कल्पना असते तिला इथे जागाच नाही. उलट ज्याला ते नको असेल त्याने तसे लेखी कळवावे, अशी सोय ठेवलेली होती.

आता आपली बाजू. भारताच्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व मानले नाही. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते, हे घटनेच्या नवव्या अनुच्छेदात आहे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमातही आहे. विमानातून उतरताच कायद्याने आपोआप पदरात पडलेले नागरिकत्व 'स्वेच्छेने घेतलेले' म्हणावे की नाही, यावर वकिलांनी हवा तितका काथ्याकूट करावा. रोह्याच्या माणसाला त्याचा अर्थ साधा कळत असे: तिकडचा झालो की इकडचा राहिलो नाही, आणि पुढे आईच्या आजारपणात यायचे तर परक्यासारखा व्हिसा मागून यायचे.

म्हणजे पाहा, अर्ज असा जवळजवळ नव्हताच. एका दिवसाचे काम. पण त्या एका दिवसापर्यंत पोचायला एकेका कुटुंबाला दहा-दहा वर्षे लागली.

का लागली? पहिले कारण नोकरी. घाण्याचा धंदा तर विसाव्या शतकात यंत्राच्या गिरण्यांनी मागे सारला होताच. तेलाच्या धंद्यातून बाहेर पडलेला हा समाज एकोणिसाव्या शतकापासून पलटणीत, आणि मग रेल्वे, टपाल, जकात, पोलीस, शाळा, इस्पितळे यांत शिरला होता. सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन किंवा प्रॉव्हिडंट फंड. पंचवीस वर्षांपैकी बावीस भरलेली असताना राजीनामा द्यायचा की आणखी तीन वर्षे काढायची, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्यालाच त्याचा चटका कळेल. घर पेणला, नोकरी मुंबईत आणि मन तिसरीकडे. पुष्कळ घरांनी मधला मार्ग काढला. बिनपाशाचा धाकटा भाऊ आधी जाई. तो पत्र पाठवी: काम मिळाले, खोली मिळाली, हवा अशी, भाकरी अशी. मग थोरला फंडाचे पैसे हाती आल्यावर बायकामुलांसह निघे. आईवडील सर्वांत शेवटी, किंवा कधीच नाही.

दुसरे कारण पैसा कसा न्यावा हे. पेणच्या आळीतले घर विकले, चार दागिने मोडले, तरी ते रुपये गाठोड्यात बांधून परदेशी नेता येत नसत. १९४७ च्या परकीय चलनाच्या कायद्यामुळे रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे आणि ती मोजकीच मिळे. तेव्हा घर विकण्याची घाई कशाला करा? ते भावकीत कुणाच्या हवाली करून जावे हे बरे. पण कौलारू घर ते. दर पावसाळ्याआधी शाकारावे लागते, नाहीतर दोन वर्षांत वासे कुजतात. ज्याच्या हवाली केले तोही तिसऱ्या वर्षी मुंबईच्या कचेरीत पासपोर्टसाठी रांगेत उभा असे.

आणि जमीन? ज्यांनी नोकरीसाठी मुंबई धरली होती त्यांच्यापैकी कित्येकांची थोडीबहुत भातजमीन गावाकडे कुळांना लावलेली असे. १९४८ चा कुळकायदा आला, १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. कायदा न्याय्य होता यात मला शंका नाही. रायगडातल्या खोती गावांत ज्यांनी खोताचे खंड भरले त्यांना विचारा. पण सातबाराच्या उताऱ्यावरचे नाव गेले की गावाशी बांधणारी एक दोरी सुटते, हेही खरे. त्यानंतर ज्या घरांचा पाय निघाला त्यांतल्या काहींचा तो या कारणानेही निघाला, एवढे म्हणायला हरकत नाही.

तिसरे कारण कागद. नागरिकत्वाला अर्ज नसला तरी ज्यू असल्याचा पुरावा हवा. त्यासाठी प्रार्थनामंदिराचा दाखला, लग्नाचा केतुबा म्हणजे करारपत्र, मुलांचे जन्म. शिवाय आपल्या सरकारचा पासपोर्ट, आणि त्या काळी तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर असे. पासपोर्टाचा रीतसर कायदा व्हायला १९६७ साल उजाडले. आता या कागदांत नावांचा गोंधळ किती असे तो पाहा. कोकणात राहून अब्राहामाचा अबाजी झाला होता, इसाकाचा इसाजी, शमुवेलाचा समाजी, यहेज्केलाचा हसाजी. शाळेच्या पुस्तकात एक नाव, पलटणीच्या कागदावर इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले दुसरे, प्रार्थनामंदिराच्या वहीत तिसरे. आडनावाचीही तीच कथा. वडील 'दिवेकर' लावत, मुंबईला आलेला मुलगा नुसता बापाचे नाव पुढे जोडी. आणि आजीची जन्मतारीख कोण सांगणार? 'प्लेगाच्या सालात मी पाळण्यात होते' एवढेच तिला ठाऊक. हे सारे एका माणसाचे एकच नाव आहे असे दाखवायला प्रतिज्ञापत्र करावे लागे, आणि प्रतिज्ञापत्र करायला कामाचा एक दिवस बुडवावा लागे.

दिवस बुडणे ही गोष्ट आज लहान वाटेल. पण रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८० च्या दशकात. त्याआधी रोह्याच्या माणसाने एस. टी. धरून धरमतर गाठायचे, तिथून लाँचने भाऊचा धक्का. नाहीतर पनवेलवरून ठाण्याचा वळसा घेऊन मोटारीने मुंबई. कचेरीत पोचावे तर साहेब जेवायला गेलेले, किंवा एक कागद कमी. मग रात्री मुंबईत नातेवाइकाच्या चाळीत गॅलरीत पथारी, आणि सकाळी पुन्हा तीच रांग. बाईमाणसाला अंगठा द्यायला यायचे असेल तर तान्ह्यालाही बरोबर आणायचे. मुलगा मॅट्रिकला असेल तर मार्चपर्यंत सगळेच लांबणीवर, कारण अर्धवट शिक्षणाने तिकडे काय करणार? एक मुलगी लग्नाची असेल तर तिचे इथे उरकून जावे की तिथे पाहावे, यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा. अशा घराला ज्या कचेऱ्यांत जावे लागे त्यांतली एकही पेणला नव्हती.

आणखी एक अडसर होता, तो कमी सांगितला जातो. परतीचा हक्क कायद्याने सर्वांना होता, पण प्रवासाची आणि वसवण्याची व्यवस्था ज्यू एजन्सी करी, आणि तिने १९५१ च्या अखेरीस निवडीचे नियम केले. तरुण, धट्टेकट्टे, हाताला कसब असलेले आधी. आजारी माणसे आणि कमावता माणूस नसलेली कुटुंबे मागे. कायदा म्हणतो 'या', आणि तिकीट काढणारा म्हणतो 'थांबा, आधी डॉक्टरांना दाखवा'. हे मला इस्रायलच्या त्या वेळच्या ओढाताणीकडे पाहूनही पटत नाही. तीन-साडेतीन वर्षांत त्यांची लोकसंख्या दुप्पट झाली होती, अन्नधान्याचे रेशन होते, माणसे तंबूत राहत होती, हे सर्व मान्य. पण एकाच घरातली धाकटी पाती पुढे आणि खोकणारा म्हातारा मागे, ही वाटणी कुणा रोहेकराने स्वतः केली नसती. १९६० च्या दशकात मुंबईत ओआरटी या संस्थेने सुतारकाम, विजेचे काम, यंत्रकाम शिकवण्याचे वर्ग काढले, ते 'हाताला कसब' या अटीचे उत्तर होते. त्यातून कित्येकांना फायदा झाला. म्हाताऱ्याच्या खोकल्याला मात्र कोणता वर्ग नव्हता.

आता जरा पेणच्या आळीत येऊ. पेणचे प्रार्थनामंदिर बेथ हा-एलोहिम, १८६३ सालचे. अष्टमीलाही एक आहे. जुनी माणसे त्याला मशीदच म्हणत. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा वयात आलेले पुरुष लागतात. त्यांच्या धर्माने स्त्रिया-मुलांची गणती त्यात पूर्वी केली नाही. दहा जमले की मिन्यान झाला, तोरा उघडता येतो. नऊ असले तर येत नाही. इस्रायलात जाणारा प्रत्येक कर्ता पुरुष तिथे एक नागरिक वाढवी, आणि पेणला दहातला एक कमी करी. मुंबईत एखादा गेला तर कळत नसे. अष्टमीत कळे. शेवटी अशी पाळी येई की अकरापैकी दोघांचे कागद एकाच वेळी तयार झालेले असत आणि दोघेही एकमेकांकडे पाहत. जाणाऱ्याला अडवणारा कुणी नसे. सणाला मुंबईहून लेकाला बोलवून घ्यायचे, शेजारच्या गावातून एक-दोघांना एस. टी.ने आणायचे, हा उद्योग मागे राहिलेल्यांना लागला. नागरिकत्वाच्या अर्जात 'आपल्यामागे किती पुरुष राहतात' असा रकाना नसतो, पण या गावांत प्रत्येकाने तो मनातल्या मनात भरला.

सरकारी आकडे हेच सांगतात. भारतातील सर्व ज्यूंची संख्या १९५१ च्या खानेसुमारीत सुमारे २६ हजार होती, १९६१ मध्ये सुमारे साडेअठरा हजार, आणि २०११ मध्ये साडेचार हजारांच्या थोडी वर. यांत बगदादी आणि कोचीनचे ज्यूही आले.

तिकडे काय झाले? सगळे गोड झाले असे नाही. पहिल्या लाटेत गेलेल्यांपैकी काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून धरणे धरले. तक्रारी घर, काम, भाषा यांच्या होत्या, आणि आमच्या सावळ्या रंगामुळे आम्हाला कमी लेखतात हीही एक होती. एप्रिल १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे मुंबईला परत आली. तारखांकडे लक्ष द्या. नागरिकत्वाचा कायदा अमलात आला तो त्याच वर्षी १४ जुलैला. म्हणजे त्या कायद्याचा लाभ हाती पडण्याआधीच ती निघून आली होती. गंमत अशी की इथे आल्यावर यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा इस्रायलची ओढ लागली आणि ती पुन्हा गेली. मी याला चंचलपणा म्हणणार नाही. घर विकून गेलेला माणूस परत येतो तेव्हा परत यायला घर नसते, आणि मुंबईत खोलीची पागडी तेव्हाही परवडणारी नव्हती.

पुढच्या लाटा अधिक तयारीने गेल्या. आल्या आल्या स्थलांतरिताचे पुस्तक, ओळखपत्र, आणि उल्पान म्हणजे हिब्रूचा वर्ग. दिमोना १९५५ मध्ये वसले, अश्दोद १९५६ मध्ये. नेगेव्हच्या रखरखीत वाळवंटात कापडाच्या गिरण्या निघाल्या, बंदर निघाले, आणि पेणच्या भाताच्या खाचरांत वाढलेली माणसे पाळीवर कामाला जाऊ लागली. नवरा सकाळच्या पाळीला, बायको दुपारच्या, आणि दोघांत मिळून एकाला भाषेच्या वर्गाला जाता येई. जी बाई पेणला घराबाहेर पगारावर कधी गेली नव्हती ती गिरणीत साच्यावर उभी राहिली. मुले मात्र महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यावर हिब्रू बोलू लागत आणि मग आईबापांचे कागद तीच भरून देत. घरात मराठीच. वेलची-वेलदोड्याचा वास, तांदळाच्या भाकऱ्या, आणि एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा. तो मलिदा पोह्यांचा असतो, हे पेणच्या वाचकाला सांगायला नको.

एवढे झाल्यावर नागरिकत्वाचा प्रश्न मिटला असे वाटेल. तो १९६१-६२ मध्ये पुन्हा उघडला, आणि या वेळी फार दुखऱ्या जागी. इस्रायलात १९५३ च्या कायद्याने ज्यूंची लग्ने आणि घटस्फोट धर्मन्यायालयाच्या हाती दिले होते. नागरी विवाहाची सोय नव्हती. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या कार्यालयातून सूचना निघाल्या. बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी लावायचे असेल तर तिच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, त्यांत कुणी ज्यूबाह्य लग्न केले नव्हते ना हे पाहावे, अशा त्या होत्या. म्हणजे मत देण्यापुरता नागरिक, कर भरण्यापुरता नागरिक, सैन्यात जाण्यापुरता नागरिक. पण मुलीच्या लग्नाच्या वेळी मात्र अष्टमीतल्या पणजीचा दाखला आणा.

आता तो दाखला कुठून आणायचा? ज्या वहीत पणजीचे लग्न नोंदलेले असेल ती वही अष्टमीच्या कपाटात, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो किर्यात गातमध्ये. कागद वाळवीने खाल्लेला. गावातल्या चार हिंदू-मुसलमान म्हाताऱ्यांनी सांगितले असते, की ही माणसे आमच्या आज्याच्याही वेळेपासून शनिवारी घाणा बंद ठेवत. पण त्या साक्षीला रब्बीच्या न्यायालयात किंमत नव्हती. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत बोचते. पेणच्या बाजारपेठेला जे शंभर वर्षे ठाऊक होते ते सिद्ध करायला पेणकराजवळ कागद नव्हता.

समाज उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल माणसे जेरुसलेमला ज्यू एजन्सीच्या आवारात येऊन बसली. कामाचे दिवस बुडवून, कुटुंबकबिल्यासह, आठवडेच्या आठवडे. गिरणीत पाळी चुकली की मजुरी कापली जाई, तरी बसली. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेची खास बैठक झाली आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत, विवाहासुद्धा, इतर ज्यूंच्या बरोबरीचे ज्यू आहेत असे जाहीर झाले. ऑगस्ट संपण्याआधी रब्बींनी सूचनांतून 'बेने इस्रायल' हे नाव काढले आणि ज्या कुणाविषयी संशय असेल त्या सर्वांना चौकशी लागू, असे शब्द घातले. चौकशी संपली नाही, फक्त एका समाजाचे नाव तिच्यावरून पुसले गेले. पण ते पुसले जाणे थोडे नव्हते. हक्क कायद्याने मिळाला होता १९५२ मध्ये. मान मिळवायला बारा वर्षे आणि एक धरणे लागले.

या साऱ्या काळात भारत आणि इस्रायल यांचे संबंध अर्धवटच होते. भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली, मुंबईत त्यांची वकिलात १९५३ पासून होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते २९ जानेवारी १९९२ ला. दिमोनाच्या पेणकराला रोह्याच्या मावशीच्या लग्नघरी यायचे तर पुष्कळ वर्षे किती सायास पडले असतील याची कल्पना आपण करू शकता. तार यायची, आणि तार हाती पडेपर्यंत दफन होऊन जायचे.

आता चाक उलटे फिरले आहे. भारताने २००५ मध्ये 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड सुरू केले. ते खरे नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा म्हणा. मतदान नाही, निवडणूक नाही. ते मिळण्यासाठी स्वतः किंवा आईवडील, आजाआजी, आणि २०१५ नंतर पणजा-पणजी यांच्यापैकी कुणी २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर भारताचे नागरिक होते, किंवा त्या दिवशी होण्यास पात्र होते, हे दाखवावे लागते. इस्रायलात जन्मलेल्या पोरांना त्यात एक अडचण आली. तिथे सैन्यसेवा सक्तीची, आणि परक्या देशाच्या सैन्यात सेवा केलेल्यांना हे कार्ड देण्याबाबत अडसर होता. ५ जुलै २०१७ रोजी तेल अवीवच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, सक्तीची सैन्यसेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही कार्ड मिळेल, असे जाहीर केले. आज इस्रायलात भारतीय वंशाची ऐंशी हजारांवर माणसे आहेत, बहुतेक महाराष्ट्रातून गेलेली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. इकडे महाराष्ट्र सरकारनेही २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला.

वाचकहो, या कार्डासाठी काय लागते हे पाहिलेत तर आपल्याला हसू येईल. तेच कागद. आज्याच्या शाळा सोडल्याचा दाखला, जुना भारतीय पासपोर्ट, नगरपालिकेतला जन्माचा उतारा. तिसऱ्या पिढीतला एखादा तरुण, ज्याला मराठी समजते पण वाचता येत नाही, कंपनीतून आठवड्याची रजा काढून येतो. पुण्या-मुंबईकडचा एखादा दूरचा मामेभाऊ बरोबर घेऊन पेणच्या नगरपालिकेत, रोहा-अष्टमीच्या नगरपालिकेत, आज्याच्या शाळेत जातो. कारकून जुनी दप्तरे काढतो. नाव हिब्रू कागदावर एक, इंग्रजी कागदावर दुसरे. काहींनी तर इस्रायलात आडनावच बदलून हिब्रू घेतले, त्यांची पंचाईत वेगळी. दोन्ही नावे एकाच घराची, हे दाखवायला पुन्हा एक प्रतिज्ञापत्र, आणि त्यासाठी रजेतला आणखी एक दिवस.

एके काळी अष्टमीच्या पणजीने तिकडे ज्यूपण सिद्ध करावे लागले. आता तीच पणजी, तिच्या त्याच अस्पष्ट नोंदीसह, इकडचे हिंदीपण सिद्ध करायला कामी येते. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'जात' या रकान्यात 'इस्रायल' किंवा 'तेली' असा शेरा आणि 'राहणार पेण' एवढे लिहिलेले सापडले तरी काम होते.

कार्ड मिळाले की त्या मुलाला हव्या तितक्या वेळा येता येते. पेणला राहता येते, घर घेता येते, बँकेत खाते काढता येते. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. ती मनाई कायद्यातच आहे. आज्याने जाताना विकलेले किंवा कुळाकडे राहिलेले ते भाताचे खाचर त्याला बांधावर उभे राहून पाहता येते, आणि कूळ आता कोण आहे हे गावातले कुणीतरी सांगते.